मशीनच्या पोटातलं पुस्तक

मिक्सरबरोबर आलेली माहितीपुस्तिका आत्ता कुठे आहे, सांगता येईल? बहुतेक घरांत ती नेमकी हवी तेव्हा सापडत नाही. युनिक्स आणि त्याच्याच वळणाच्या लिनक्समध्ये ही पंचाईत नाही. तिथे पुस्तिका मशीनच्या आतच असते.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ रोजी काढली, तीही कागदावर. पुढे तीच पानं पडद्यावर वाचता येऊ लागली. टर्मिनल उघडायचं, 'मॅन' लिहायचं आणि पुढे आज्ञेचं नाव द्यायचं, की तिची माहिती हजर! मॅन म्हणजे मॅन्युअल.

ही पानं 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मधल्या 'मॅन' फोल्डरात विभागवार ठेवलेली असतात. पहिल्या विभागात रोजच्या आज्ञा, पाचव्यात फायलींची रचना, आठव्यात सिस्टिम सांभाळणाऱ्यांसाठीच्या आज्ञा. जागा वाचावी म्हणून फायली दाबून लहान केलेल्या असतात. मजकुरात शीर्षक कुठलं, ठळक काय, याच्या खुणा असतात. तुम्ही पान मागितलंत की फाइल उलगडते आणि खुणांप्रमाणे मांडून खिडकीच्या रुंदीत बसवली जाते. स्पेसबारने पुढे जायचं, 'क्यू' दाबून बाहेर पडायचं.

यातलं काहीच इंटरनेटवर अवलंबून नाही. डिसेंबर २०१५च्या पुरात चेन्नईच्या बऱ्याच भागांत वीज, फोन, नेट सगळं बंद पडलं होतं. अशा वेळीही लॅपटॉपची बॅटरी शिल्लक असेल, तर ही पानं उघडतात.

याच चेन्नईत सी-डॅकच्या केंद्रात डेबियनवर आधारलेली 'बॉस' लिनक्स तयार झाली. मराठीसह भारतीय भाषांत कॉम्प्युटर वापरता यावा, हा तिचा एक हेतू. मॅनच्या फोल्डरातही भाषांची सोय आहे. फ्रेंच, जर्मन, जपानी पानं आपापल्या फोल्डरात राहतात. सिस्टिमची भाषा मराठी केली, तर लिनक्समधला मॅन आधी 'एमआर' नावाच्या फोल्डरात डोकावतो. तिथे पान मिळालं नाही, तर इंग्रजी दाखवतो.

म्हणजे मराठीसाठी पाट मांडलेलाच आहे, वाढणारे हात हवेत. घरात लिनक्स शिकणारं कुणी असेल, तर या सुट्टीत त्याला एकाच आज्ञेचं पान मराठीत लिहायला सांगा. आजीला वाचून कळलं, तर ते जमलं म्हणायचं!