घर सोडायचं कोणी?

‘घरीच राहा, सुरक्षित राहा’ असं २०२०च्या मार्चमध्ये सगळीकडून सांगितलं जात होतं. विषाणूपुरतं ते खरंही होतं. पण जिला घरातल्याच माणसाची धास्ती, तिच्यासाठी त्या सूचनेत काहीच नव्हतं.

वरळीच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. एरवी तिथे सहा-सात माणसांचा संसार चालतो, कारण ती सगळी एकाच वेळी घरात नसतात. नवरा कामावर, मुलं शाळेत, सासरे कट्ट्यावर, सासू शेजारी. २४ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली आणि ही सगळी घडी विस्कटली. पगार थांबला किंवा निम्म्यावर आला, मुलांची शाळा एका मोबाइलवर आली आणि तो मोबाइल नवऱ्याच्या खिशात. आमटीत मीठ कमी पडल्यावरून सुरू झालेली कुरबुर पूर्वी साडेआठच्या लोकलबरोबर निघून जायची. आता ती रात्रीपर्यंत पुरायची.

मोठ्या फ्लॅटमध्ये जागा होती, पण धुसफूस तिथेही होतीच. अनेक सोसायट्यांनी कामवाल्या मावशींना गेटवर अडवलं आणि भांडी, केर-फरशी, चारी ठाव स्वयंपाक घरातल्या बाईच्या अंगावर आला. साथीच्या आधीचंच चित्र काय होतं? केंद्राच्या २०१९च्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि घरकामाला हात लावणारा पुरुष साधारण चारांत एक!

भांडण आणि मारहाण यांतला फरक मात्र पुसू नये. बऱ्याच घरांतली कुरबुर निर्बंध सैल झाल्यावर निवळली. मारहाणीचं तसं नव्हतं. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २७ फेब्रुवारी ते २२ मार्च या २५ दिवसांत कौटुंबिक हिंसाचाराच्या १२३ तक्रारी आल्या होत्या. पुढच्या २५ दिवसांत २३९. देशाच्या मानाने आकडा किरकोळ वाटेल. पण तक्रार करायलाही आडोसा लागतो. नवरा हातभर अंतरावर बसलेला असताना फोन कसा लावायचा? आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू केला, ते चांगलंच केलं. तरी मोबाइल कोणाच्या खिशात, हा प्रश्न उरलाच.

म्हणूनच त्या एप्रिलमध्ये पुणे जिल्हा परिषदेने घेतलेली भूमिका मोलाची वाटते. बायकोवर हात उचलणारा समजावूनही ऐकत नसेल, तर त्याला विलगीकरण कक्षात पाठवायचं, असं तिने जाहीर केलं. म्हणजे बाई घरात आणि तो बाहेर. मूळ विचार कायद्यातलाच आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १९ न्यायदंडाधिकाऱ्यांना मारणाऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा अधिकार देतं. असं असूनही मार खाल्लेल्या बाईला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो, ‘चार दिवस माहेरी जाऊन ये.’ टाळेबंदीत एसटी बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद, माहेरची वाटच बंद. तेव्हा हा सल्ला किती पोकळ आहे ते उघडं पडलं.

पुढच्या साथीचा आराखडा लिहिताना संरक्षण अधिकारी आणि महिलांची निवारागृहं अत्यावश्यक सेवांत पहिल्या दिवसापासून असायला हवीत. स्पेनच्या कॅनरी बेटांवर त्याच मार्चमध्ये बाईने औषधाच्या दुकानात ‘मास्क १९’ एवढं म्हटलं, की दुकानदार मदत बोलवत असे. आपल्याकडे रेशनचं दुकान टाळेबंदीतही उघडं होतं, आशाताई दारोदार फिरत होत्या. ‘तिथे कशाला गेली होतीस?’ असं बाईला सहसा कोणी विचारत नाही. तक्रार या दोन ठिकाणी सांगता यावी, आणि पुढचं काम आशाताईच्या माथी न मारता पोलिसांनी व संरक्षण अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी हाती घ्यावं.