ढोलकी हाती द्या

सांज झाली की आमच्या कौंडण्यपुरात वर्धेच्या काठी पोरं जमतात. हाताला काम नाही. मग पत्ते, सट्टा, दारू आणि शेवटी पोलीस ठाणं. उपदेश ती ऐकत नाहीत. पण ढोलकीवर थाप पडली की तीच पोरं जवळ येतात, हे आम्ही पाहतो.

महाकवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मुंबईत मजुरी करीत, मोठेपणी अक्षरं शिकले. त्याच हातांनी हजारो गीतं लिहिली. आज धारावीतली पोरं रॅपमधून आपलं जगणं मांडतात. दूर व्हेनेझुएलात १९७५ साली होसे अंतोनियो आब्रेऊ यांनी गरीब मुलांसाठी वाद्यवृंदाची चळवळ उभी केली. ती देशभर पसरली.

कारण साधं आहे. गायनपार्टीत एक जण आला नाही तर ताल अडतो. ‘तुझ्यावाचून अडतं’ असं या पोरांना एरवी कोण म्हणतं? गाण्यानं रोजगाराचा प्रश्न सुटत नाही, हेही आम्ही जाणतो; पण तोवर पोरगं वाया जाऊ नये.

बंधुभगिनींनो, आम्ही कारकून माणसं, हिशेब सांगतो. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर उडणाऱ्या पैशात पेटी-ढोलकी येते. यंदा ती घ्या, आणि समाजमंदिराचं कुलूप रोज संध्याकाळी उघडा.