ढाणकीची चोपडी, परक्याची किल्ली

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि उमरखेड तालुक्यातील ढाणकीच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याची चोपडीही संगणकावर गेली. आता तिला ‘क्लाऊड’मध्ये ठेवा, असा आग्रह आहे. परंतु हा मेघ आकाशात नसतो. तो कुणाच्या तरी मालकीच्या इमारतीतील सर्व्हर असतो, आणि त्या इमारतीची किल्ली कुणाकडे, असे विचारणाऱ्याची आपल्याकडे संकुचित म्हणून संभावना होते.

जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय निर्बंधांपायी वाडीनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जीची सेवा खंडित केली. नायरात रशियन भांडवल आहे, हे खरे; पण निर्बंध भारताचे नव्हते, आणि ग्राहक भारतभूमीवरचा, रोख पैसे मोजणारा! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे सेवा पूर्ववत झाली. ढाणकीचा सरकी-पेंड विकणारा दुकानदार कोणत्या न्यायालयात जाणार?

झोहोने २०११ मध्येच तामिळनाडूतील तेनकाशीत कार्यालय थाटले. विदर्भातील नेटवर्किंग शिकलेल्या तरुणाला मात्र आजही हिंजवडीचीच वाट दाखविली जाते. राऊटर बसविणे, हिशेबाची प्रत स्थानिक यंत्रावर राखणे, रस्ता खोदताना केबल तुटली तर जोडणी दुसऱ्या मार्गाने वळविणे, ही कामे पुण्यात बसून होत नाहीत. ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत केबल नेण्याची योजना २०११ सालीच मंजूर झाली; तिच्या टोकाशी बसणारा माणूस योजनाकारांना फार उशिरा आठवला.