पाहुण्यांच्या आधी विहीर तपासा

हिवाळा सुरू झाला की आपल्या वर्धा जिल्ह्यात शेतावरच्या जेवणावळींना रंग चढतो. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि कुठे ज्वारी पेरलेली असेल तर हुरडा. राज्य सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. सेवाग्राम-पवनारला येणारे आणि 2014 पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या बोरच्या जंगलात जाणारे लोक आपल्याकडे आहेतच. कापूस-सोयाबीनच्या भावाने जेरीस आलेल्या शेतकऱ्याला यातून चार पैसे मिळत असतील, तर हा व्यवसाय वाढलाच पाहिजे.

मात्र सरकारी रुग्णालयात पंचवीस-तीस वर्षे हगवण, कावीळ, टायफॉइडचे रुग्ण पाहिल्यावर, अशा शेतावर गेलो की माझी नजर आधी संडास आणि विहीर यांच्यामधल्या अंतरावर जाते.

घरातल्या पाच माणसांसाठी बांधलेली सेप्टिक टँक रविवारी चाळीस पाहुणे वापरतात. टाकीत मैला तळाशी बसून कुजायला सांडपाणी साधारण 24 तास तरी थांबावे लागते. गर्दीत ते थांबत नाही. जंतूंसह तसेच बाहेर पडते. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी शोषत नाही आणि खालच्या बेसाल्ट खडकाला भेगा असतात. त्या भेगांतून घाण पाणी दूरच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पाहुणा बाटलीबंद पाणी पिऊन संध्याकाळी घरी जातो. त्या विहिरीचे पाणी पिणारे शेतकऱ्याचे कुटुंब, मजूर आणि शेजारी मात्र तिथेच राहतात. पर्यावरणाची हानी दवाखान्यात पोहोचते ती अशी.

हा धडा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा तिथे मलेरियाचा जोर होता. त्यांना स्वतःलाही मलेरिया झाला. आदी निवास त्यांनी 500 रुपयांच्या आत आणि आसपासच्या साहित्यातून बांधायला सांगितले आणि गावाची सफाई हे पहिल्या कामांपैकी एक मानले. आज मातीच्या भिंती आणि कवेलूंची नक्कल सगळे करतात. त्यासोबतची सफाई मात्र मागे राहते.

करायच्या गोष्टी महाग नाहीत. संडास विहिरीपासून किमान 15 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. भेगाळ खडक असेल तर आणखी दूर. दोन खड्ड्यांचा संडास उत्तम. एक भरला की बंद करून दुसरा वापरायचा. वर्षभराने पहिल्यातले खत शेतात जाते. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी केळी-अळूला द्यावे.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी विहिरीत टीसीएल पावडर टाकावी. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 2 मीटर पाणी असेल, तर ते सुमारे 14 हजार लिटर होते. 1000 लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने चांगल्या प्रतीची साधारण 35 ग्रॅम पावडर लागते. पाणी गढूळ किंवा पावडर जुनी असेल तर जास्त. तासाभराने ओटी चाचणी करावी; पाणी पिवळे झाले तर क्लोरीन पुरेसे आहे. गावचा जलसुरक्षक यात मदत करतो.

प्लास्टिकचे ग्लास, द्रोण धुऱ्यावर जाळू नयेत. तो धूर विषारी असतो, आणि न जाळता पडून राहिले तर पावसाळ्यात त्यांत डेंग्यूचे डास वाढतात. स्टीलची ताटे आणि पळसाच्या पत्रावळी आपल्याकडे होत्याच. कपाशीवर फवारणी सुरू असताना त्या वावरात पाहुण्यांना, विशेषतः मुलांना, नेऊ नये. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. बोरच्या जंगलालगत रात्री डीजे आणि प्रखर दिवे नकोतच.

जिल्हा प्रशासनाला एक सूचना. कृषी पर्यटन केंद्रात एका वेळी किती पाहुणे यावेत, हे तिथल्या खाटा मोजून ठरवू नका. विहिरीला पाणी किती आणि संडास किती जणांचा भार पेलतो, यावरून ठरवा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याचा नमुना तपासून त्याचा अहवाल केंद्राच्या दारावर लावायला सांगा.

आणि पाहुण्यांनो, शेतावर गेलात की जेवणाच्या आधी यजमानाला एवढे विचारा: "भाऊ, विहिरीचे पाणी कधी तपासले?" चार जणांनी विचारले, तर पाचव्या वेळी अहवाल तयार असेल.