जळमटं झाडा, पण कोळी नोंदवा

मंडळी, एक साधा प्रश्न. आपल्या गावात कोळ्याच्या जाती किती? हसू नका. ही नोंद ठेवणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायलाच हवी. बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली. ती चुकली तर राज्याला महिन्याला १० लाख दंड. झालं, वह्या धडाधड भरायला लागल्या.

अशी एक वही मी चाळली. आंबा, वड, मोर, बिबट्या सगळं होतं. प्राण्यांच्या तक्त्यात शेवटी 'इतर' असतं. तिथे नुसती रेघ!

त्या रेघेखाली कोण गाडलं गेलं? उदाहरणादाखल, आपल्या घराच्या कोपऱ्यात जळमट करणारा कोळी घ्या. बहुतेक जाती डाळीच्या दाण्याएवढ्या. त्याचं जाळं चाकासारखं आखीव नसतं, नुसता धाग्यांचा गुंता. पण त्यातले काही धागे खाली ताणून चिकटवलेले, आणि त्यांच्या टोकाला चिकट थेंब. मुंगी अडकली की धागा तुटतो आणि ती वर खेचली जाते. मग हा गडी मागच्या पायांवरच्या फणीसारख्या केसांनी तिच्यावर चिकट रेशीम फेकतो. या कुळात जगभरात अडीच हजारांच्या वर जाती आहेत. आपल्याकडे या सगळ्यांना मिळून नाव एकच, 'जळमट', आणि इलाज एकच, केरसुणी.

कुणी म्हणेल, ऊसबिलं थकलीत, द्राक्षाला भाव नाही, आणि याला कोळी सुचतोय. तर ऐका. जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पसरला. पानं पांढरी, खाली काळी बुरशी. फवारून फवारून लोक थकले. शेवटी मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा कुणाचा होता? मावा खाणाऱ्या डिफा अळीचा, मायक्रोमसचा आणि एन्कार्सिया नावाच्या बारीक गांधीलमाशीचा. तोवर यांची नावं किती शेतकऱ्यांना माहीत होती?

कोळीसुद्धा याच फौजेतला. तुडतुडे, फुलकिडे, मावा हे त्याचं खाणं. २०१७ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की जगभरातले कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात. कोळी आले म्हणून तासगावच्या बागेतला पंप बंद होईल, असं मी म्हणत नाही. पण सरसकट फवारणीत किडीबरोबर किडीचा वैरीही मरतो. पुढची कीड येते तेव्हा मैदान मोकळं असतं. मग आणखी औषध, आणखी उधारी, वर निर्यातीच्या वेळी अवशेषांची धास्ती. गावात कोण होतं हेच लिहिलेलं नसेल, तर कोण संपलं हे कळणार कसं?

साताऱ्याला तर कोळ्याचं नातं अभिमानाचं आहे. जावळीतल्या केडंबे गावचे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री नुसत्या हातांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे परिसरातल्या एका नव्या उडी मारणाऱ्या कोळ्याला त्यांचं नाव दिलं, 'आयसियस तुकारामी'. ठाण्यासारख्या गजबजाटात नवी जात सापडते, तर जावळीच्या, शिराळ्याच्या रानात बघायला गेलो तर काय काय सापडेल?

कास पठार, कोयना, चांदोली यांचे फलक आपण लावले, पर्यटक आणले. ते चांगलंच झालं. पण वारसा म्हणजे फक्त फुलं आणि वाघ नव्हेत.

मागणी मोठी नाही. पुढच्या ग्रामसभेत नोंदवही टेबलावर मागा. शाळेतल्या पोरांना मोबाईलवर कोळ्यांचे फोटो काढायला लावा, ठिकाण आणि तारीख लिहू द्या. जाती ओळखायला महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना हाक द्या. आणि बागायतदारांनो, फवारणीआधी एकदा पान उलटून बघा, तिथे आपला राखणदार बसलेला असू शकतो.

घरातली जळमटं दिवाळीला खुशाल झाडा. कोळी पुन्हा विणेल. शेतातून तो गेला, तर बोलवून यायचा नाही.

तुमच्या गावच्या नोंदवहीत 'इतर'समोर काय लिहिलंय? बघून खाली कमेंटमध्ये सांगा.