मताचे मोल आणि राज्यांचे भय

कुटुंबनियोजनाचे राष्ट्रीय धोरण ज्या राज्यांनी मनोभावे अमलात आणले, त्यांची त्यापायी संसदेत हानी होऊ नये, या हेतूने लोकसभेतील जागांची राज्यवार वाटणी १९७६ साली १९७१ च्या जनगणनेवर गोठविण्यात आली, आणि २००१ साली त्या तहकुबीस २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत मुदतवाढ मिळाली. हेतू शुद्ध होता. परिणाम मात्र विषम झाला. १९७१ च्या जनगणनेवर ठरलेल्या वाटणीत केरळ व राजस्थान या दोहोंच्या एकेका खासदारामागे सुमारे साडेदहा लाख लोक होते. २०११ च्या शिरगणतीत केरळात हा आकडा सुमारे १७ लाख, तर राजस्थानात २७ लाखांवर गेला. राजस्थानातील मेंढपाळाचे मत केरळच्या मच्छीमाराच्या मताहून इतके हलके ठरावे, असा त्याचा अपराध कोणता?

तथापि लोकसंख्येप्रमाणे फेरवाटप झाल्यास संसदेतील आपले वजन घटेल, हे दक्षिणेचे भय निराधार म्हणणे हा अन्याय होईल. मद्रास राज्याच्या ४१ जागा १९६७ च्या निवडणुकीत ३९ झाल्या, हे तेथील लोक विसरलेले नाहीत. आणि मुलींचे शिक्षण व आरोग्यसेवा यांवर खर्च करून ज्यांनी जननप्रमाण आटोक्यात आणले, त्यांना ‘तुमची एकही जागा कमी होणार नाही’ हे आश्वासन पुरेसे वाटणार नाही, कारण सभागृह दीडपट झाले आणि केरळचे २० खासदार तेवढेच राहिले, तर त्यांचे वजन घटल्यावाचून राहत नाही.

नागरिकाच्या समतेची तहकुबी आणखी लांबविणे आम्हांस मान्य नाही. राज्यांच्या रक्षणाची जागा राज्यसभा ही आहे, आणि नेमकी तीच आपण दुर्बल करून ठेवली आहे. तेथेही उत्तर प्रदेशास ३१, केरळास ९ आणि गोव्यास अवघी १ जागा. शिवाय २००३ साली उमेदवाराच्या राज्यातील रहिवासाची अटही काढून टाकण्यात आली. ती अट पुन्हा घालावी, लहानमोठ्या राज्यांतील हे अंतर कमी करावे, आणि राज्यांच्या महसुली वाट्यासंबंधीच्या कायद्यांस या सभागृहाची संमती अनिवार्य करावी. मग लोकसभेची वाटणी लोकसंख्येप्रमाणे खुशाल व्हावी. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांमागील सरासरी लोकसंख्या देशाच्या सरासरीहून फारशी निराळी नसल्याने या फेरवाटपात त्याचा लाभ वा हानी अल्पच आहे, आणि म्हणूनच ही मागणी, परिसीमनाचे विधेयक सभागृहापुढे येण्यापूर्वी, महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्षभेद बाजूस ठेवून मांडावी.