उशीर वेळेवर सांगावा लागतो

बारावीचा निकाल लागला की आमच्या वर्गाच्या दाराशी माजी विद्यार्थ्यांची वर्दळ सुरू होते. पूर्वी प्रश्न ठरलेला असे : डी. एड. करावे की पोलीस भरतीला उतरावे? अलीकडे त्यांत प्रोजेक्ट मॅनेजमेंट या शब्दाची भर पडली आहे. मोबाईलवर जाहिरात पाहिलेली असते, फीसाठी आई कानातले मोडायला निघालेली असते, आणि आमचा होकार तेवढा हवा असतो. इतिहासाच्या शिक्षकाने या विषयात बोलावे का, ही शंका रास्त आहे. तरीही आमच्याच एका विद्यार्थ्यामुळे बोलणे भाग आहे.

आधी त्या फीविषयी. जाहिरातींत मिरवणारे पीएमपी हे प्रमाणपत्र अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेली एक संस्था देते. परंतु त्या परीक्षेला बसण्यासाठीच प्रकल्प हाताळल्याचा काही वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. नवख्यांसाठी तिचीच सीएपीएम ही परीक्षा आहे. तिला अनुभवाची अट नाही. पण तिचीही घाई नको. पदविकाधारकाने साइट इंजिनिअर म्हणून, बी. ए. झालेल्याने एखाद्या संस्थेच्या पाणलोट प्रकल्पात समन्वयक म्हणून आधी कामात शिरावे. रोजचा अहवाल लिहावा, साहित्याची नोंद ठेवावी, एक्सेलमध्ये वेळापत्रक मांडावे. कानातले शाबूत राहू द्यावे.

प्रकल्प हा परक्यांचा प्रांत, असा समज आपल्यात रुजला आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि जलसिंचन व वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. १९४३ च्या महापुरानंतर पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या देखरेखीखाली आकाराला आली. वर्गात हा भाग आम्ही दोन वाक्यांत उरकत आलो, हा दोष आमचा. धरणांवर आणि रस्त्यांवर आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. वेळापत्रक मात्र दुसऱ्याच्या टेबलावर राहिले.

ते टेबल मिळवणे सोपे नाही, आणि अडचण केवळ इंग्रजीची नाही. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत क्रिटिकल पाथ नावाची रीत निघाली. तिचे मर्म एवढेच : ज्या कामांच्या साखळीत एका दिवसाचा उशीर सगळा प्रकल्प एक दिवस मागे ढकलतो, ती साखळी ओळखावी. कुंपणाचा रंग चार दिवस रखडला तरी चालते. सळई आली नाही तर स्लॅब भरता येत नाही. म्हणून या व्यवसायात उशीर लवकर सांगणाऱ्याची किंमत मोठी असते.

आमचा विद्यार्थी नेमका तेथेच अडखळला. सहावीपासून वसतिगृहात वाढलेला, हुशार, आज्ञाधारक. एका पुलाच्या कामावर कनिष्ठ अभियंता म्हणून लागला. सळई ठरल्या दिवशी येणार नाही, हे त्याला आठ दिवस आधी कळले होते. अहवालात तो रोज 'काम चालू' असे लिहीत राहिला. स्लॅबच्या दिवशी मजूर, मिक्सर सारे हजर, सळई नाही. त्याची नोकरी गेली. आम्ही विचारले तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "सर, साहेबांना कसं सांगणार?"

हे वाक्य त्याला कंपनीने शिकवले नव्हते. 'होय सर' ऐकून पंचवीस वर्षे समाधान मानणाऱ्या आम्हीच ते त्याला शिकवले होते. शिस्तीचे मोल आम्ही नाकारत नाही. पण आपल्या मुलांच्या घरी वरिष्ठांपुढे गप्प राहण्याचा वारसा आधीच असतो. त्यात शाळेने भर का घालावी? आमची सूचना अशी की, येत्या स्नेहसंमेलनाचे वेळापत्रक नववीच्या मुलांच्या हाती द्यावे. दर शनिवारी त्यांनी काय मागे पडले आणि का, हे मुख्याध्यापकांसमोर उभे राहून सांगावे, आणि सांगणाऱ्याला त्या दिवशी कोणीही रागावू नये. मंडप वाऱ्यावर सोडल्यासारखा वाटेल. एक वर्ष वाटू द्यावा.

तो विद्यार्थी आता दुसऱ्या ठिकाणी, कमी पगारावर, पुन्हा साइटवरच आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "सर, काल लेखी कळवलं, सोमवारचा स्लॅब होणार नाही म्हणून."

"मग?"

"साहेब खूप चिडले. नंतर त्यांनी सळईसाठी दुसरीकडे फोन लावला."